बॉयलर एक, पंप तीन: बेसमेंटमधल्या वायरिंगचं गणित

अमेरिकेत बोस्टनच्या आसपास किंवा एकूणच न्यू इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलं की बेसमेंटमध्ये बऱ्याचदा एक बॉयलर असतो आणि त्याच्याजवळ पाइपांवर ओळीने बसवलेले दोन-तीन छोटे पंप. इथे आलेल्या आपल्या मराठी मंडळींना हीटिंग म्हणजे जाळीतून येणारी गरम हवा एवढंच माहीत असतं, पण या घरांत हवा कोणी ढकलत नाही, गरम पाणी फिरतं. बॉयलर म्हटलं तरी त्यात पाणी उकळत नाही बरं का, साधारण ८२ अंश सेल्सियसच्या पुढे ते जाऊच देत नाहीत. हे पाणी पाइपांतून खोल्यांमधल्या रेडिएटरमध्ये किंवा भिंतीच्या तळाशी बसवलेल्या बेसबोर्डमध्ये जातं, तिथे उष्णता सोडतं आणि परत येतं.

पाण्याची उष्णता वाहून न्यायची ताकद जबरदस्त आहे. मिनिटाला फक्त ४ लिटर पाणी फिरवलं आणि परत येईपर्यंत ते ११ अंशांनी थंड झालं, तर त्याने घरात जवळपास ३ किलोवॉट उष्णता सोडलेली असते. आणि एवढं पाणी फिरवायला लागतो काय, तर एक हॉर्सपॉवरच्या पंचविसाव्या हिश्श्याचा पंप, जुन्या पद्धतीचा असला तरी ऐंशी वॉटच्या आसपास वीज खाणारा. पंपातला फिरणारा भाग पाण्यातच बुडालेला असतो, त्यामुळे वंगणही तेच आणि गारवाही तोच, म्हणून हे पंप वर्षानुवर्षं आवाज न करता चालतात.

आता तीन पंप कशाला? तर घराचे झोन केलेले असतात. खालचा मजला एक, वरच्या बेडरूम दुसरा, आणि आंघोळीच्या पाण्याची टाकी तिसरा (टाकीच्या आत एक कॉइल असते, बॉयलरचं पाणी त्या कॉइलमधून फिरतं आणि टाकीतलं पाणी तापवतं). प्रत्येक झोनला स्वतःचा पंप. एकच पंप आणि झोनला झोन विजेवर चालणारे व्हॉल्व्ह अशीही पद्धत आहे, पण वेगळे पंप असले की एक बिघडला तरी बाकीचं घर गरम राहतं, आणि बाहेर उणे १५ असताना ही गोष्ट फार मोलाची असते.

पाइपांचं काम डोळ्याला दिसतं, कुठला पाइप कुठे गेला ते बोटाने शोधता येतं. खरी गंमत वायरिंगमध्ये आहे, आणि मला स्वतःला या सगळ्या सिस्टिममधला सर्वांत सुंदर भाग तोच वाटतो.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट म्हणजे मुळात एक स्विच. १९५३ साली बाजारात आलेला तो गोल थर्मोस्टॅट अजूनही कित्येक घरांत दिसेल, त्याच्या आत दोन धातूंची पट्टी गुंडाळलेली असते, खोली थंड झाली की ती वळते आणि तिच्यावरची काचेची कुपी कलते, कुपीतला पारा घरंगळून दोन तारा जोडतो. बस, एवढंच त्याचं बोलणं, हवंय किंवा नकोय. त्याच्या वायरींतून २४ व्होल्ट वाहतात आणि पंपाला लागतात १२० व्होल्ट, म्हणजे थर्मोस्टॅटच्या बारीक वायरने थेट पंप चालवायचा प्रश्नच येत नाही. मध्ये रिले लागतो. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर ज्याने उघडून पाहिलाय त्याला हे लगेच कळेल, बटनातून थोडासाच करंट कॉइलला जातो, कॉइल चुंबक बनते, कॉन्टॅक्ट ओढून घेते आणि खट्कन मोटारीचा मोठा करंट सुरू होतो. इथेही तेच, फक्त आकार काडेपेटीएवढा.

इथपर्यंत सोपं आहे. अडचण पुढे येते, कारण थर्मोस्टॅटच्या एका मागणीवर दोन कामं व्हायला हवीत: आपल्या झोनचा पंप सुरू झाला पाहिजे, आणि बॉयलरचा बर्नरही पेटला पाहिजे. मग साहजिकच डोक्यात येतं की रिलेच्या ज्या टोकावरून पंपाला वायर गेलीय तिथूनच एक वायर बॉयलरला पण नेऊ. एकच झोन असेल तर हे चालतंही. पण दुसरा झोन आला आणि त्याचीही वायर बॉयलरच्या त्याच टोकाला नेली की घोटाळा होतो, कारण ती बॉयलरची वायर आता दोन पंपांमधला पूल झालेली असते. पहिल्या झोनचा रिले लागला की करंट पहिल्या पंपाला जातो, बॉयलरला जातो, आणि बॉयलरच्या टोकावरून उलटा दुसऱ्या झोनच्या वायरीतून थेट दुसऱ्या पंपाला जातो. दुसऱ्याचा रिले उघडा आहे, म्हणजे बंद, कॉन्टॅक्ट जुळलेलेच नाहीत, पण त्याला विचारतंय कोण, करंट मागच्या दाराने आलाय. एक मागतो आणि सगळे धावतात.

वूस्टरला एका ओळखीच्यांच्या घरी मी हे अगदी समोर पाहिलंय. वरच्या बेडरूमचा थर्मोस्टॅट पार खाली केलेला, तरी खालच्या मजल्याने हीट मागितली की वरच्या खोल्या भट्टीसारख्या तापायच्या, रात्री खिडकी उघडून झोपायची वेळ. आलेल्या प्लंबरने वरच्या लाइनचा चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी, पंप बंद असताना ते आपोआप फिरू न देणारी झडप) अडकलाय म्हणून तो बदलून दिला, फरक शून्य. खरं तर अशा वेळी आधी पंपावर हात ठेवून बघावं. पाइप गरम आहे पण पंप गप्प आहे तर व्हॉल्व्हचा संशय घ्यावा, पण पंप हाताला थरथरताना जाणवतोय म्हणजे त्याला कुठून तरी वीज येतेय. इथे पंप थरथरत होता. वरच्या थर्मोस्टॅटची वायर रिलेवरून सोडवली, ती वायर बाजूला लोंबतेय आणि मीटर पंपाच्या टोकांवर पूर्ण १२० व्होल्ट दाखवतोय! शेवटी मेन बंद करून जंक्शन बॉक्स उघडला तर आत वायरींच्या जोडावर लावायच्या एकाच प्लास्टिकच्या टोपीखाली चार वायरी पिळलेल्या, दोन पंपांच्या, एक बॉयलरची आणि एक कधी काळी काढून टाकलेल्या कंट्रोलची.

यावरचा उपाय इतका साधा आहे की बघून आनंद होतो. रिले असा घ्यायचा ज्यात एकाच कॉइलने हलणारे दोन कॉन्टॅक्ट आहेत, आणि त्या दोघांचा एकमेकांशी विजेचा काहीही संबंध नाही. पहिला कॉन्टॅक्ट फक्त आपल्या पंपासाठी. दुसरा फक्त बॉयलरला सांगण्यासाठी. सगळ्या झोनचे दुसरे कॉन्टॅक्ट एकमेकांना समांतर जोडायचे आणि त्या जोडीची दोन टोकं बॉयलरवरच्या टी-टी लिहिलेल्या स्क्रूंना लावायची. कुठलाही एक कॉन्टॅक्ट मिटला की बॉयलर पेटणार, पण बॉयलरच्या बाजूने पंपाकडे जायला रस्ताच उरत नाही.

समांतर म्हणजे ‘किंवा’ आणि सिरीज (एकामागे एक जोडलेले) म्हणजे ‘आणि’, ही गोष्ट नीट गणितात मांडली क्लॉड शॅनन याने, १९३७ साली, एमआयटीमध्ये आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात, वय वर्षं २१. रिले आणि स्विचच्या जोडण्या जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या ‘आणि, किंवा, नाही’ वाल्या बीजगणितात लिहिता येतात हे त्याने दाखवलं आणि पुढे सगळे डिजिटल कॉम्प्युटर त्याच पायावर उभे राहिले. एमआयटी बोस्टनहून नदी ओलांडली की आलीच, आणि त्याच भागातल्या बेसमेंटांमध्ये हे गणित आजही खट्-खट् आवाज करत चालतं. खालचा मजला किंवा वरचा मजला किंवा टाकी, यातलं कोणीही मागो. आणि पाणी ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलेलं नसो. आणि बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी असलेला तो लाल पट्टीचा इमर्जन्सी स्विच चालू असो. तरच बर्नर पेटेल. लाल स्विच आणि तापमानाची मर्यादा पाहणारं कंट्रोल हे नेहमी सिरीजमध्येच असतात, त्यांना वळसा घालून कुणी वायर टाकली असेल तर ती आधी काढायची, बाकीचं सगळं नंतर.

बूलचा तिसरा शब्द ‘नाही’, तोही इथे आहे. आंघोळीच्या टाकीला प्राधान्य द्यायचं असतं, म्हणून तिचा रिले लागला की तो बाकी झोनचे पंप थांबवतो आणि बॉयलरची सगळी ताकद टाकीला देतो. तेवढ्या अर्ध्या तासात घर थंड पडत नाही. पण टाकीचा सेन्सरच बिघडला आणि ती मागतच राहिली तर? म्हणून बऱ्याच रेडिमेड रिले-बॉक्समध्ये साधारण तासाभराचा टायमर असतो, तेवढा वेळ गेला की बाकीच्या झोननाही मोकळीक मिळते.

हल्ली सुटे रिले कोणी जोडत बसत नाही, तीन-चार-सहा झोनचा तयार बॉक्स मिळतो, ट्रान्सफॉर्मर आतच, प्रत्येक झोनला एक दिवा. एका बाजूला २४ व्होल्टचे स्क्रू, दुसऱ्या बाजूला १२० व्होल्टचे, आणि दोन्हींच्या वायरी एकत्र बांधून न्यायच्या नाहीत, कारण बारीक वायरीचं इन्सुलेशन मेनच्या व्होल्टेजसाठी बनलेलंच नसतं. अजून एक जागा जिथे लोक हमखास फसतात ती टी-टीची. तिथे बॉयलरचे स्वतःचे २४ व्होल्ट आधीच हजर असतात, त्याला फक्त दोन टोकं जोडून हवी असतात, बाहेरून व्होल्टेज नको. तिथे दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची वायर आणून लावली की दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांच्या विरोधात उभे राहतात आणि त्यातला एक तरी जळू शकतो.

नव्या काळाने दोन नव्या कटकटी आणल्यात. स्मार्ट थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागते, आणि जुन्या घरात भिंतीतून दोनच वायरी आलेल्या असतात, मग तो रिलेच्या कॉइलमधूनच थोडाथोडा करंट चोरून घेतो. कॉइल संवेदनशील असेल तर तेवढ्यानेही रिले फडफडतो आणि पंप मध्येच चालू-बंद होतो. तिसरी वायर, जिला इथे सगळे सी-वायर म्हणतात, ती टाकली की हा त्रास मिटतो. दुसरी कटकट नव्या कमी विजेच्या पंपांची. पंप उत्तम आहेत, जुन्याच्या अर्ध्याहून कमी वीज खातात, पण त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधले कपॅसिटर चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात आणि हलक्या रिलेचे कॉन्टॅक्ट त्यात चिकटून बसू शकतात. मग थर्मोस्टॅट कितीही नको म्हणो, पंप चालूच. म्हणून पंप बदलताना रिलेला तो धक्का झेपतो का हे कागदावर बघूनच घ्यावं.

१२० व्होल्टचं काम परमिट काढून लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण तो जायच्या आधी त्याच्याबरोबर उभं राहून तपासणी मात्र जरूर करा. सगळे थर्मोस्टॅट खाली करा, टाकीचंही बंद करा, आणि सगळं शांत झाल्याची खात्री करा. नवीन बॉयलर किंवा बॉक्स असेल तर पंप उरलेली उष्णता काढायला काही मिनिटं मुद्दाम चालू ठेवतो, तेवढं थांबा. मग एकच झोन वर करा, एकच पंप थरथरला पाहिजे आणि बर्नर पेटला पाहिजे. तो बंद करून दुसरा, मग तिसरा. त्यानंतर मजल्यांचे दोन्ही झोन एकदम लावा आणि त्यातला एक बंद करा: त्याचा पंप थांबला पाहिजे, दुसऱ्याचा चालूच राहिला पाहिजे आणि बर्नरला मागणीही जात राहिली पाहिजे. दुसराही बंद केलात की टी-टी उघडतं आणि बर्नर विझतो.