खून की सदोष मनुष्यवध? ‘ठरवून केलं नव्हतं’ एवढ्याने कलम बदलत नाही

बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून भावकीत जुंपते, कुणाच्या तरी हातात विळा येतो आणि माणूस जातो. बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडीकडे अशी बातमी आली की चार माणसांत एक वाक्य हमखास निघतं: “ठरवून थोडंच केलंय? तीनशेदोन नाही, तीनशेचार लागेल.” या वाक्याने आरोपीच्या घरच्यांना खोटा धीर मिळतो आणि गेलेल्याच्या घरचे विनाकारण खचतात. दोन्ही घरं आपलीच असतात, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी आकडे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं आणि सदोष मनुष्यवधाचं ३०४ आता १०५. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनंच कलम लागतं, खटला आज चालू असला तरी. व्याख्या जवळपास जशाच्या तशा राहिल्या आहेत.

आता मुख्य गोष्ट. खुनाच्या व्याख्येत ‘आधी कट रचलेला असावा’ अशी अटच नाही. मारण्याचा इरादा त्या क्षणी, हात उगारताना तयार झाला तरी तो खुनाला पुरतो. कायदा बघतो ते इरादा काय होता, आरोपीला कशाची जाणीव होती आणि जखम कसली होती. मुद्दाम केलेल्या जखमेने मृत्यू येण्याची शक्यता होती एवढंच असेल, तर सदोष मनुष्यवध. तीच जखम निसर्गक्रमाने मृत्यू आणायला पुरेशी असेल, तर खून. ‘शक्यता’ आणि ‘पुरेशी’ यांतलं हे अंतर कागदावर बारीक दिसतं, पण त्यावर माणसाचं उभं आयुष्य ठरतं.

विरसा सिंग खटल्यात पोटात भाल्याचा एकच वार होता आणि जखमी माणूस लगेच मेला नव्हता, सुमारे एकवीस तासांनी गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये तो खूनच ठरवला. ती जखम करायचीच होती आणि ती मृत्यूला पुरेशी होती, हे सिद्ध झालं की बस. ‘जिवे मारायचं नव्हतं’ हा बचाव तिथे चालत नाही. ‘एकच वार केला’ किंवा ‘दवाखान्यात नेल्यावर मेला’ यावर विसंबणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

उलट बाजूचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, १८७६ चा. तेव्हा बेळगावही मुंबई इलाख्यातच होतं. गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारली, खाली पाडून छातीवर गुडघा दिला आणि तोंडावर बुक्क्या मारल्या. कवटी फुटली नव्हती, पण मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. वाचताना त्या पोरीसाठी जीव तुटतो. न्यायालयाने मात्र पाहिलं की हत्यार नव्हतं, आणि डोळ्यावरची बुक्की सहसा मृत्यूला पुरेशी नसते. म्हणून तो सदोष मनुष्यवध ठरला. या दोन गुन्ह्यांतला फरक सांगताना वकील आजही हा निकाल काढतात.

मग ‘अचानक’ या शब्दाला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती अपवादातून येते. अचानक झालेल्या भांडणात, पूर्वतयारी नसताना, रागाच्या भरात कृत्य घडलं असेल, आणि आरोपीने गैरफायदा घेतला नसेल आणि तो क्रूरपणेही वागला नसेल, तरच खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. हे सगळं एकत्र लागतं. समोरचा रिकाम्या हाताचा आणि आपल्याकडे कुऱ्हाड, किंवा तो पडल्यावरही वार सुरूच, तर अपवाद हातचा जातो. भांडून घरी जाऊन हत्यार घेऊन परतला, तर तेही ‘अचानक’ राहत नाही. गंभीर आणि एकाएकी चिथावणीचा अपवादही असाच. नानावटी या नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला मारलं, त्या खटल्यात बायकोच्या कबुलीनंतर जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेऊन गोळ्या झाडेपर्यंत काही तास गेले होते, म्हणून १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव मानला नाही. अपवादात बसतो हे दाखवण्याची जबाबदारीही आरोपीवरच असते.

शिक्षेतला फरक मोठा आहे. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, त्याखाली काही नाही. सदोष मनुष्यवधात इरादा असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं. नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. दोन्ही गुन्ह्यांत शिवाय दंडही.

ऊसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नाही आणि रात्री दुचाकीस्वार धडकून गेला, तर साधारणपणे तो या दोन्हींत बसत नाही. तो निष्काळजीपणाचा मृत्यू, कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद.

फिर्यादीवरचा आकडाही शेवटचा नसतो. जखमी जिवंत असेपर्यंत खुनाचा प्रयत्न म्हणून १०९ लागतं आणि तो गेला की १०३. त्यामागे कुणाचा दबाव असेलच असं नाही. पुढे १०३ खाली चाललेल्या खटल्यात न्यायाधीश पुराव्यावरून १०५ खाली शिक्षा देऊ शकतात. आपल्याकडे फिर्याद आणि आरोपपत्र कन्नडमध्ये असतं, म्हणून नुसता आकडा विचारून थांबू नका. शवविच्छेदन अहवालात जखमेबद्दल काय लिहिलंय आणि साक्षीदारांनी भांडणाची सुरुवात कशी सांगितली आहे, एवढ्या ओळी वकिलांकडून मराठीत वाचून घ्या.