घरी बाळंत व्हायचं तर पाठीशी काय हवं?

बाळ रडलं, आईच्या छातीवर विसावलं, थोड्या वेळाने वारही पडली. घरातल्यांना वाटतं, सुटली एकदाची. जाणती मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली प्रसाविका, मात्र याच वेळी सर्वांत जास्त सावध असते. तिचा हात बाळंतिणीच्या पोटावर, बेंबीच्या आसपास असतो. तिथे गर्भाशय चेंडूसारखं टणक लागलं पाहिजे. मळलेल्या कणकेसारखं मऊ लागलं, तर आत रक्त जात असण्याची शक्यता धरून ती लगेच कामाला लागते.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्या बंद करण्याची सोय शरीरातच असते. गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे उभे, आडवे, तिरपे असे एकमेकांत विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्यामधूनच जातात. स्नायू आवळले की त्या चिमटीत धरल्यासारख्या दाबल्या जातात. बहुतेक बायकांमध्ये हे आपसूक होतं. ज्यांच्यात होत नाही, त्यांच्याजवळ वेळ फार थोडा असतो. म्हणूनच बाळ बाहेर आल्याबरोबर आईला गर्भाशय आवळायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देण्याची पद्धत जगभर रुजली.

घरी बाळंत व्हावं का, हा प्रश्न हल्ली शहरांतली शिकलेली जोडपीही विचारू लागली आहेत. त्यामागची भावना मला खरी वाटते. दवाखान्यातला परका पलंग, दाराबाहेर थांबवलेला नवरा, घाईने ठरलेलं सिझर, हे अनेकींनी सोसलं आहे. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि त्याने कळा मंदावू शकतात. बाळंतपणात एक विश्वासाचं माणूस सतत जवळ असेल तर काय फरक पडतो, हे २६ चाचण्यांमध्ये १५ हजारांहून अधिक बायकांवर पाहिलं गेलं. सोबत मिळालेल्या बायकांची सिझर कमी झाली आणि नैसर्गिक बाळंतपणं वाढली. घरची ओढ निव्वळ हौस नाही, तिला शरीरशास्त्राचा आधार आहे.

पण घर सुरक्षित की दवाखाना, असं नुसतं विचारून उत्तर मिळत नाही. माझी आजी माजघरातच बाळंत झाली, सगळ्या वेळी. त्या सुइणीचं नाव ती आदराने घ्यायची. आणि त्याच माजघरात बाळंतपणात गेलेल्या धाकट्या बहिणीचं नाव घेताना डोळे पुसायची. सुईणही तीच होती.

या प्रश्नावरचं सर्वांत भक्कम काम इंग्लंडमध्ये झालं. २००८ ते २०१० या काळात तिथल्या ६४,५३८ कमी जोखमीच्या बाळंतपणांची नोंद ठेवली गेली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘कमी जोखीम’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकच बाळ, डोकं खाली, दिवस पूर्ण भरलेले, रक्तदाब किंवा मधुमेहाचा त्रास नाही, आधीचं सिझर नाही. अशा बायकांपैकी ज्यांचं दुसरं किंवा त्यापुढचं बाळंतपण होतं, त्यांच्या बाळांना घरी ठरवलेल्या बाळंतपणात दवाखान्यापेक्षा जास्त धोका दिसला नाही. पहिलटकरणींचं चित्र वेगळं निघालं. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचं एकत्रित प्रमाण दवाखान्यात हजारी ५.३ होतं, तर घरी ठरवलेल्या बाळंतपणांत हजारी ९.३. म्हणजे हजारामागे चार बाळं जास्त. दुसरीकडे, घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या बायकांमध्ये सिझरचं प्रमाण शेकडा ३ च्याही खाली होतं, दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या विभागात शेकडा ११. बायकांनी जागा स्वतः निवडली होती, चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

मला या अभ्यासातला वेगळाच आकडा सर्वांत बोलका वाटतो. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शेकडा ४५ जणींना बाळंतपणात किंवा लगेच नंतर दवाखान्यात हलवावं लागलं. दुसऱ्या खेपेच्या बायकांमध्ये हे प्रमाण शेकडा १२ होतं. बहुतेक वेळा कारण जिवावर बेतलेलं नव्हतं, कळा असून बाळ पुढे सरकत नव्हतं इतकंच. तरी जवळपास निम्म्या पहिलटकरणी वाटेला लागल्या. तिथे गाडी आली, दवाखान्याने दार उघडलं, मिडवाइफने लिहून ठेवलेले कागद डॉक्टरांनी वाचले आणि ‘घरी कशाला बसलात?’ असा तमाशा न करता पुढचं काम सुरू झालं. त्या आकड्यांमधली सुरक्षितता या वाटेची आहे.

मिडवाइफ येते तेव्हा तिच्या पिशवीत काय असतं? बाळाचे ठोके ऐकायचं डॉपलर. पहिल्या टप्प्यात दर पंधरा मिनिटांनी आणि जोर लावायच्या वेळी दर पाच मिनिटांनी, कळ ओसरली की पूर्ण एक मिनिट ती ठोके मोजते. रक्तस्राव थांबवायची इंजेक्शनं असतात. श्वास न घेणाऱ्या बाळासाठी हाताने दाबायची पिशवी आणि मास्क असतो. बहुतेक बाळं पुसून कोरडी केली, पाठीवरून हात फिरवला की श्वास घेतात. थोड्यांना पहिल्या मिनिटातच मास्कने हवा द्यावी लागते, आणि तो मास्क नाकातोंडावर हवाबंद बसवणं सरावाशिवाय जमत नाही. बाळ यायच्या सुमाराला दुसरी मिडवाइफ बोलावलेली असते, कारण आई आणि बाळ दोघं एकदम अडचणीत आली तर दोन हात पुरत नाहीत.

हे सगळं कायद्यातून उभं राहिलं. इंग्लंडमध्ये १९०२ पर्यंत कुणीही स्वतःला मिडवाइफ म्हणवू शकत असे. त्या वर्षीच्या कायद्याने प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी आणली. पैसे घेऊन नेहमी बाळंतपणं करायची असतील तर १९१० पासून नोंदणी सक्तीची झाली. १९३६ च्या कायद्याने पगारी मिडवाइफ पुरवण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. आजही तिथे अचानक उद्भवलेली निकड सोडली, तर बाळंतपण करण्याचा अधिकार नोंदणीकृत मिडवाइफ, डॉक्टर आणि त्यांच्या शिकाऊंनाच आहे. बाई एकटीच घरी बाळंत झाली तर तो गुन्हा नाही. कायदा आईला बांधत नाही, तिच्याजवळ बसणाऱ्याला बांधतो. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

युरोपात हा वाद न्यायालयातही गेला. हंगेरीत घरच्या बाळंतपणाला मदत करणाऱ्यावर कारवाईची टांगती तलवार होती. २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं, बाळंतपण कुठे आणि कसं व्हावं हे ठरवणं बाईच्या खासगी जीवनाचा भाग आहे आणि कायदा असा संदिग्ध ठेवता येणार नाही. सहा वर्षांनी चेक प्रजासत्ताकाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बारा विरुद्ध पाच मतांनी सांगितलं, की घरच्या बाळंतपणात मिडवाइफला परवानगी न देणं हा हक्कभंग ठरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शेकडा ९४.७ आणि गोव्यातली ९९.७ बाळंतपणं संस्थेत झालेली दिसतात. उरलेल्या बायकांपैकी अनेकींनी घर निवडलेलं नाही. पावसात रस्ता तुटला, गाडी आली नाही, म्हणून त्या घरी राहिल्या. त्यांच्या बाळंतपणाला ‘निवड’ म्हणणं अन्यायाचं होईल.

आणि तरीही घरातल्या बाळंतपणाबद्दल जगाला काही मोलाचं शिकवलं ते गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. तेव्हा तिथली बहुतेक बाळंतपणं घरीच होत. आरोग्यदूत सुइणीच्या शेजारी बसायची. सुईण आईकडे बघायची, आरोग्यदूत बाळाकडे. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, ऊब देणं, वजन करणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासतात, त्याचं मूळ इथे आहे.

दुसरा धडा बेळगाव जिल्ह्यातला. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि टोचायला सराव असलेला हात लागतो. तिथल्या १,६२० बायकांच्या चाचणीत एएनएम ताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकांनी, बाळंतपणानंतर गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. या गोळ्यांना फ्रिज लागत नाही. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ चा हा निष्कर्ष. आपल्या देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. धडधाकट बाई जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढा अशा बाईच्या जिवावर बेतू शकतो. इंग्लंडचे आकडे उचलून इकडे लावता येत नाहीत, याचं हे एक मोठं कारण.

दुसरं कारण कायद्याचं. घरी बाळंत होण्यावर भारतात बंदी नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा घरातला जन्म गृहीतच धरतो. तो जन्म २१ दिवसांत कळवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर आहे आणि जन्माची सूचना देणं हे मिडवाइफचंही कर्तव्य आहे. पण ही मिडवाइफ म्हणजे नक्की कोण? आपल्याकडे मिडवाइफरी नर्सिंगच्या पोटात राहिली. नर्सच्या नोंदणीतच प्रसाविका म्हणून नोंदणी होते, निराळा व्यवसाय म्हणून ती उभी राहिली नाही. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी अनुभवी नर्सना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण देऊन मिडवाइफ घडवायचं ठरवलं. त्यांचे कक्ष मात्र रुग्णालयांना लागून असावेत, अशी ती आखणी आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. नावात मिडवाइफरी आली याचा मला मनापासून आनंद झाला. पण घरी येणारी मिडवाइफ, तिची पिशवी आणि दवाखान्याशी आधीच बांधलेला दुवा ही साखळी अजून कुठे सार्वजनिक सेवा म्हणून मिळत नाही.

म्हणून पहिल्या खेपेच्या मुलीला मी आज महाराष्ट्रात घरी बाळंत हो असं म्हणणार नाही. जिथे मिडवाइफ बाळंतपण सांभाळते आणि भिंतीपलीकडे शस्त्रक्रियेची सोय आहे, अशी जागा शोध, सोबतीला आपलं माणूस आत येऊ देतात का ते आधी विचार, असं सांगेन. आणि ज्यांनी घरचं ठरवूनच टाकलंय, त्यांनी येणाऱ्या बाईला नोंदणी क्रमांक विचारावा. ऑक्सिटोसिन कुठे ठेवता, बाळाला मास्कने श्वास शेवटचा कधी दिला, हेही विचारावं. हलवायची वेळ आली तर कोणता दवाखाना आपल्याला आत घेणार आहे, हे त्या दवाखान्याकडूनच आधी वदवून घ्यावं. आणि तिथवर गाडीने किती मिनिटं लागतात, हे संध्याकाळच्या गर्दीत एकदा जाऊन बघावं.