आड तुडुंब, पण दोर तोकडा

२७ सप्टेंबर १९३६, बेसबॉलच्या हंगामाचा शेवटचा दिवस. सेंट लुईस कार्डिनल्सच्या जॉनी माइझला पंचांनी मैदानाबाहेर काढलं, म्हणून बाकावर बसलेल्या वॉल्टर ऑल्स्टनला आत पाठवलं. क्षेत्ररक्षणात त्याच्याकडे दोनदा चेंडू आला, त्यात एकदा चूक झाली. फलंदाजीला तो एकदाच उभा राहिला आणि तीन स्ट्राइक होऊन बाद झाला. मेजर लीगमधली, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवरची, त्याची कारकीर्द एवढीच. हाच ऑल्स्टन १९५४ मध्ये डॉजर्सचा मॅनेजर झाला आणि २३ हंगाम त्या खुर्चीवरून हलला नाही. २,०४० विजय आणि चार वर्ल्ड सिरीज (मेजर लीगचं अजिंक्यपद) त्याच्या नावावर आहेत.

आता टेड विल्यम्स घ्या. १९४१ मध्ये त्याची सरासरी .४०६ होती, म्हणजे दर हजार अधिकृत प्रयत्नांमागे ४०६ हिट, म्हणजे यशस्वी फटके. त्यानंतर आजतागायत अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या या दोन शाखा) पूर्ण हंगामात कुणी .४०० गाठलेलं नाही. १९६९ ते १९७२ अशी चार वर्षं तो मॅनेजर होता. २७३ सामने जिंकला, ३६४ हरला. शेवटच्या वर्षी तर त्याच्या संघाने बरोबर १०० सामने गमावले.

बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे आपला क्रिकेट कोच नव्हे. फलंदाजांचा क्रम, पिचर (चेंडू फेकणारा) केव्हा बदलायचा, कुणाला बसवायचं, ही क्रिकेटमध्ये कर्णधार करतो ती कामं तो डगआउटमधून करतो, तीही अंगात संघाचा गणवेश घालून. एका हंगामात १६२ सामने असतात, त्यामुळे आकडेही भरपूर जमतात. ‘मोठा खेळाडू मोठा गुरू होतो का’ हा प्रश्न तपासायला याहून चांगली प्रयोगशाळा शोधूनही सापडायची नाही.

प्रश्न डोक्यात आला तो मात्र घरच्याच मैदानावरून. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एकच संदेश फिरत होता. प्रशिक्षक अमोल मुझुमदार स्वतः भारताकडून एकदाही खेळले नाहीत. त्यांचे गुरू आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. उलट सचिन २५ कसोटींत कर्णधार होता आणि त्यातल्या चारच जिंकल्या. निष्कर्ष काय, तर ‘ज्याला खेळता येत नाही तोच उत्तम शिकवतो’. त्यावर एका काकांनी जुनी म्हण ठोकून दिली, ‘आडात नाही तर पोहोऱ्यात कुठून येणार?’ आणि भांडण जुंपलं. माझ्या मते दोन्ही बाजू चुकत होत्या. आडात पाणी असतंच, तुडुंब असतं. गोची दोराची आहे.

ती कशी, हे कळायला पिचरच्या हातून सुटलेल्या चेंडूच्या मागे जाऊ. मला या सगळ्यात सर्वांत आवडणारा भाग हाच आहे, तेव्हा थोडा वेळ काढाल.

चांगला वेगवान चेंडू सेकंदाला साधारण ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरने येतो. हातातून सुटल्यावर त्याला सुमारे १७ मीटर कापायचे असतात. भागाकार केलात की उत्तर येतं ०.४ सेकंद. यातले जवळपास ०.१५ सेकंद नुसती बॅट फिरवण्यात जातात. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत पोचून त्याचा अर्थ लागायलाही वेळ लागतोच. म्हणजे ‘मारू की सोडू’ हे ठरवायला उरतो तो सेकंदाचा पाचवा हिस्सा, तोही जेमतेम. मनातल्या मनात एक वाक्य उच्चारायलासुद्धा हा वेळ पुरत नाही, तेव्हा विचार करून मारणं वगैरे विसराच.

तरी ‘चेंडूवरची नजर हटवू नकोस’ हा उपदेश जगभरचे प्रशिक्षक देत असतात. तो पाळता येतो का, ते पाहू. चेंडू थेट डोळ्यावर येत नाही, डोळ्यापासून समजा ०.७ मीटर अंतरावरून बाजूने जातो. तो लांब असताना त्याच्यासाठी बुबुळ जवळजवळ हलवावं लागत नाही. जवळ येतो तसा त्याचा कोन झपाट्याने बदलतो. चेंडूचा वेग गुणिले ०.७ आणि त्याला त्या क्षणीच्या अंतराच्या वर्गाने भागायचं, की साधारण कोनीय वेग मिळतो. (भाजकात ०.७ चा वर्गही मिळवायचा असतो, पण लांबवर तो किरकोळ.) १० मीटरवर हे उत्तर सेकंदाला १७ अंश येतं. ५ मीटरवर ६६, ४ मीटरवर १००, आणि शेवटच्या दीड-पावणेदोन मीटरवर थेट ५००. सरकत्या वस्तूचा सलग पाठलाग करताना माणसाचा डोळा सेकंदाला शंभरेक अंश ओलांडले की मागे पडू लागतो. १९८४ मध्ये टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजणी केली. त्यांचा व्यावसायिक फलंदाज चेंडूचा माग ठेवण्यात विलक्षण पटाईत निघाला, पण प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या जमिनीतल्या पाटीच्या) अलीकडे साडेपाच फुटांवर चेंडू त्याच्याही नजरेतून निसटला.

म्हणजे बॅट चेंडूला लागते त्या क्षणापर्यंत फलंदाजाची नजर चेंडूसोबत सलग पोचतच नाही. तो पाहतो प्रवासाचा सुरुवातीचा तुकडा, आणि उरलेला चित्रपट मेंदू स्वतःच्या जिवावर पूर्ण करतो. हजारो चेंडू खेळून हा अंदाज इतका नेमका झालेला असतो की मालकाला तो अंदाज वाटतच नाही. ‘मला चेंडू बॅटवर आदळताना दिसतो’ असं तो शपथेवर सांगेल. तो खोटं बोलत नाही, त्याला फक्त आतलं माहीत नाही.

उंच उडालेला झेल घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाचंही हेच. चेंडू कुठे पडेल ते उभ्या जागेवरून सांग म्हटलं तर तो चाचपडतो. धावू दिलं तर बरोबर तिथे जाऊन पोचतो. आपली धाव अशी ठेवायची की चेंडूची प्रतिमा नजरेत एका ठरावीक रीतीने वर चढत राहील, अशी काहीशी युक्ती मेंदू वापरतो. ही रीत नेमकी कोणती यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात, आणि ज्याला ती साधली आहे त्या खेळाडूला त्या वादाचा पत्ताही नसतो.

हे ज्ञान शब्दांत का उतरत नाही? कारण ते शब्दांच्या कोठीत ठेवलेलंच नसतं. एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग १९५३ मध्ये फेफऱ्यावरच्या शस्त्रक्रियेत बराचसा काढावा लागला. त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात छान बसला. पण आपण हे पूर्वी कधी केलंय, हे त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही. हाताची आठवण वेगळी आणि सांगता येणारी आठवण वेगळी, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल. सरावाने कसब पहिल्या कोठीत मुरत जातं आणि दुसऱ्या कोठीतली त्याची नोंद पुसट होत जाते.

शिवाय मुरलेलं कसब बळेच शब्दांच्या उजेडात ओढलं तर ते बिघडतं. रॉब ग्रे या संशोधकांनी २००४ मध्ये आभासी फलंदाजीच्या प्रयोगात, मधेच आवाज झाला की त्या क्षणी आपली बॅट वर चालली होती की खाली हे सांगायला लावलं. नवशिक्यांचं त्याने फारसं बिघडलं नाही, मुरलेल्या फलंदाजांचा खेळ मात्र ढासळला. आवाज जाड होता की बारीक, असा असंबद्ध प्रश्न विचारला तेव्हा उलट घडलं.

आमच्या घरी आजी उकडीचे मोदक करायची. मी एकदा हट्टाने शिकायला बसलो. ‘किती पाणी?’ तर ‘पिठाला लागेल तेवढं’. ‘कळ्या कशा पाडायच्या?’ तर ‘अशा’, आणि तिची बोटं फिरून मोदक ताटात बसलेलाही असे. मी हळू करून दाखव म्हटलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिचा मोदक फुटला आणि तिने मला स्वयंपाकघरातून हाकललं. मला मोदक शिकवले ते काकूने. ती नागपूरकडची, लग्न होईपर्यंत तिने उकड पाहिलीही नव्हती. तिच्याकडे सगळं सांगता येण्याजोगं होतं: वाटीला वाटी पाणी, पारी कडेला पातळ आणि मध्ये जाड, अंगठा आत, दोन बोटं बाहेर, चिमटा वरून नव्हे, बुडापासून. तिने ते पंचविशीत, रडतखडत, प्रत्येक पायरी मनाशी म्हणत शिकलं होतं.

जपानी बेसबॉलमध्ये ही आजी-काकूंची जोडी एकाच संघात सापडते, योमिउरी जायंट्समध्ये. शिगेओ नागाशिमा म्हणजे लोकांच्या गळ्यातला ताईत, उपजत प्रतिभेचा. ते फलंदाजी शिकवायचे ती ध्वनींतून. चेंडू ‘सुंऽऽ’ करून आला की ‘धाडकन’, अशा थाटाची त्यांची शिकवण हा जपानमध्ये कौतुकाच्या विनोदाचा विषय आहे. १९७५ ला ते मॅनेजर झाले आणि त्या वर्षी जायंट्स इतिहासात प्रथमच तळाला गेले. सादाहारू ओह यांची तऱ्हा वेगळी. १९५९ च्या पहिल्या हंगामात सरासरी .१६१. पुढे हिरोशी अराकावा या प्रशिक्षकाने त्यांना मुळापासून नव्याने घडवलं: एका पायावर उभं राहणं, टांगलेल्या कागदावर तलवार चालवण्याचा सराव, रोजची घासाघीस. त्यातून ८६८ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) निघाले. मॅनेजर म्हणून ओह यांनी फुकुओकाच्या हॉक्सला १९९९ आणि २००३ मध्ये जपान सिरीज (तिथलं अजिंक्यपद) आणि २००६ मध्ये देशाला पहिला वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, म्हणजे देशादेशांतली स्पर्धा, जिंकून दिला.

इथे माझा सिद्धांत फारच गोंडस दिसायला लागला, म्हणून त्याला लागलेली ठिगळंही दाखवतो. तेच नागाशिमा पुढे १९९४ आणि २००० मध्ये जपान सिरीज जिंकले. ओह यांनाही सगळं सुखासुखी मिळालं नाही. १९९६ मध्ये संतापलेल्या चाहत्यांनी हॉक्सच्या बसवर अंडी फेकली होती.

आणि विल्यम्स? तो तर आपल्या कलेचा बोलका अभ्यासक होता. स्ट्राइक झोन (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू न मारला तरी स्ट्राइक धरतात ती) ७७ चेंडूंएवढा मानून कुठल्या जागी आपण किती सरासरीने मारू याचा तक्ताच त्याने मांडला होता. मॅनेजर म्हणून त्याच्या पहिल्याच वर्षी वॉशिंग्टनचे विजय ६५ वरून ८६ वर गेले. जादू? थोडी. त्याच हिवाळ्यात लीगने पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, स्ट्राइक झोन आखडला आणि चार नवे, कच्चे संघ दाखल केले. सगळीकडेच फलंदाजी वधारली. या भरतीच्या पाण्याचं श्रेय वर्तमानपत्रांनी एकट्या नावाड्याला दिलं. तरी एक गोष्ट खरी त्याची. धिप्पाड फ्रँक हॉवर्डला त्याने चेंडू सोडायला शिकवलं. हॉवर्डचे वॉक (चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट मिळालेले बेस) ५४ वरून १०२ झाले, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) १४१ वरून ९६ वर आले. कुठला चेंडू मारायचा हे विल्यम्सने शब्दांत बांधलं होतं, ते पोचलं. मनगट त्या क्षणी काय करतं, ते त्याच्याजवळच राहिलं.

(त्याच्या नजरेबद्दल भाकडकथाही पुष्कळ. फिरत्या तबकडीवरचं नाव तो वाचतो म्हणे. त्याने स्वतःच ते उडवून लावलं होतं.)

आता ग्रुपवरच्या दुसऱ्या पार्टीचा समाचार. ‘न खेळलेलेच चांगले मॅनेजर’ या बाजूला नावं भरघोस आहेत. अर्ल वीव्हर आणि जो मॅकार्थी मेजर लीगमध्ये कधीच खेळले नाहीत. टोनी ला रुसाची सरासरी .१९९. पण अपूर्णांकाचा छेद पाहा, म्हणजे एकूण किती जणांतले हे. सामान्य खेळाडू हजारो, तारे मूठभर. मॅनेजरांत सामान्यांची गर्दी दिसणारच. शिवाय सामान्याला ती खुर्ची फुकट मिळत नाही. ऑल्स्टनने छोट्या लीगमध्ये वर्षानुवर्षं संघ सांभाळले, तिथे जे टिकले नाहीत त्यांची नावं आपल्यापर्यंत आलीच नाहीत. विल्यम्सला मात्र मॅनेजरकीची एकही दिवस उमेदवारी न करता थेट मेजर लीग मिळाली. नावावर भरती केली की गाळणी गळून पडते. १९७१ चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू जो टोरी तीन संघांबरोबर मॅनेजरकी करून एकूण हरतीच्या हिशोबात होता. त्यानंतर यँकीजकडे आला आणि १९९६ ते २००० दरम्यान चार वर्ल्ड सिरीज जिंकला. त्याचीही उमेदवारी झाली, फक्त लोकांसमोर.

टोरी बरीच वर्षं कॅचर (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा) होता, हा योगायोग मला वाटत नाही. कॉनी मॅक, योगी बेरा, ब्रूस बोची, हे नावाजलेले मॅनेजरही सगळे कॅचर. कॅचरला प्रत्येक चेंडूआधी ठरवावं लागतं की या फलंदाजाला आता काय टाकायचं, आणि ते पिचरला कळवावं लागतं, २०२२ आधी तर बोटांच्या खुणांनीच. एकेका सामन्यात शंभराच्या वर वेळा. आडातलं पाणी वर ओढण्याची हीच तालीम.

जपानचे कात्सुया नोमुरा हे ६५७ होमरन मारणारे कॅचर आणि पुढे १९९३, १९९५, १९९७ ला याकुल्ट स्वॉलोजला जिंकवणारे मॅनेजर. ते प्लेटमागे बसून समोरच्या फलंदाजाच्या कानाशी कुजबुजत. घरच्या भानगडी, रात्रीची पार्टी, आणि ‘आज तुझी बॅट जरा वेगळी फिरतेय का रे?’ ग्रे यांच्या प्रयोगाच्या कितीतरी आधी त्यांना ते औषध सापडलं होतं. फक्त नागाशिमांवर ते चालत नसे, असं नोमुराच सांगत. आपली बॅट कशी फिरते हे नागाशिमांना मुळातच माहीत नव्हतं, मग बिघडवणार काय!