प्राणी दत्तक घेताय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

निवारे भरलेले आहेत, प्राणी घ्यायला माणसं तयार आहेत, तरी अर्ज परत येतात. बहुतेकदा नडतो तो एखादा कागद, नाहीतर चुकीची वाचलेली तारीख.

अर्जदार सज्ञान हवा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि घरात आधीचे प्राणी असतील तर त्यांचं लसीकरण कार्ड जोडायचं. इथे सहसा कुणी अडत नाही.

भाड्याने राहणारे अडतात ते घरमालकाच्या पत्रावर. "मालक काही बोलत नाहीत, वरच्या मजल्यावरही कुत्रा आहे" हे सांगून भागत नाही. भाडेकरारात प्राण्यांचा उल्लेखच नसेल तर ती परवानगी समजू नका. कोणता प्राणी, किती, हे लिहून खाली मालकाची सही घ्या. फॉर्मवर नुसतं ‘निवासाबाबत संमती’ छापलेलं असतं. कुणाची संमती, हे छापायला काय जातं कोण जाणे!

खरी गफलत होते निर्बीजीकरणाच्या, म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणून करायच्या शस्त्रक्रियेच्या हमीपत्रात. मोठा प्राणी बहुधा शस्त्रक्रिया करूनच देतात. पिल्लू असेल तर ‘सहा महिन्यांच्या आत करून घेईन’ असं लिहून घेतात. आता हे सहा महिने पिल्लाच्या वयाचे, की घरी आणल्यापासूनचे? वयाचे असतील आणि पिल्लू तीन महिन्यांचं असेल, तर हातात तीनच महिने उरतात. सही करण्याआधी विचारा आणि हमीपत्रावर थेट तारीखच घालून घ्या. मुदत उगाच घातलेली नसते: मांजर चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि गाभण राहिली की साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं. "एकदा तरी होऊ द्यावीत, तब्येतीला बरं असतं" हे मनातून काढा, तसा काही फायदा नसतो. उलट गर्भाशयात पू होण्याचा धोका शस्त्रक्रियेने टळतो. मोठ्या जातीच्या कुत्र्यांसाठी डॉक्टर कधी कधी थांबायला सांगतात. तसं असेल तर त्यांची चिठ्ठी मुदत संपण्याआधी जमा करा, नंतर नव्हे. आणि नराची शस्त्रक्रिया झाली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, पुढचे काही आठवडे त्याला मादीपासून लांबच ठेवा.

दवाखान्याचं बिल म्हणजे शस्त्रक्रिया झाल्याचा दाखला नव्हे. दाखल्यावर शस्त्रक्रियेची तारीख, प्राण्याचं वर्णन, कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असल्यास तिचा क्रमांक, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही हवी. टाके दाखवायला जाल तेव्हाच मागून घ्या. महिन्यांनी गेलात तर जुनी वही कोण काढून बसणार?

राहिली चिप. तिच्यात फक्त क्रमांक असतो, सहसा 15 अंकी. प्राणी कुठे आहे ते ती सांगत नाही. दत्तकपत्रावर सही झाली म्हणून चिपच्या नोंदीतलं मालकाचं नाव आपोआप बदलेलच असं नाही. अनेक ठिकाणी त्याचा फॉर्म वेगळा असतो आणि तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही. तोही भरा, नाहीतर हरवलेला प्राणी सापडला तरी फोन जाईल जुन्या मालकाला.