फेन्स कलेक्टिव्ह
फेन्स कलेक्टिव्ह : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील फाइफ परगण्यातल्या गायक-गीतकारांचा एक सैलसर गट. ‘फेन्स रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका-संस्था त्याचीच. घरी गायलेले, घरीच सीडी-आरवर (घरी ध्वनिमुद्रण करता येणाऱ्या कोऱ्या सीडीवर) उतरवलेले आणि हाताने वेष्टन चढवलेले इंडी फोक (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या, लोकसंगीताच्या वळणाच्या गाण्यांचे) अल्बम ही त्याची ओळख. सेलरडाइक व अ‍ॅन्स्ट्रथर या मासेमारी बंदरांच्या परिसरात त्याचा मुक्काम राहिला.

संस्थापक केनी अँडरसन (१९६७– ) ‘किंग क्रिओसोट’ या नावाने गातात. वडील नृत्यवाद्यवृंदातले अ‍ॅकॉर्डियनवादक. मुलाच्या गाण्यांतही ते वाद्य टिकून आहे. स्थापनेच्या काळाबद्दल एकवाक्यता नाही. अँडरसन यांचा ‘खार्तूम हीरोज’ हा आधीचा बँड १९९० च्या दशकाच्या मध्यास संपला, त्यावरून काही जण फेन्सचा आरंभ १९९४-९५ इतका मागे नेतात; इतरत्र १९९७ हे वर्ष दिलेले आढळते. संगणकाला जोडायचा सीडी रेकॉर्डर हजार डॉलरच्या आत प्रथम १९९५ मध्ये मिळू लागला. छोट्या गावातल्या गायकाच्या घरी तो पोचायला आणखी वेळ लागला असणार, हे लक्षात घेता निदान सीडी-आर प्रकाशनांपुरते नंतरचे वर्ष अधिक संभवनीय वाटते. गाणी अर्थातच त्याआधीची असू शकतात.

घरगुती ध्वनिमुद्रणाचे तंत्र या पिढीपुढे आले ते मुख्यतः चार ट्रॅकच्या (स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या) कॅसेट रेकॉर्डरमुळे. टॅस्कॅम कंपनीने असे पहिले यंत्र १९७९ मध्ये बाजारात आणले. साध्या कॅसेटच्या ३.८१ मिमी. रुंद फितीवर दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक असतात. हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेने आणि नेहमीच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला सु. ९.५ सेंमी. वेगाने वापरते. त्यामुळे कॅसेटची एकच बाजू उपयोगी पडते आणि तिचा कालावधीही निम्मा होतो. चारांहून अधिक वाद्ये हवी असल्यास तीन ट्रॅकचे मिश्रण चौथ्यावर उतरवून पहिले तीन मोकळे करतात. एकदा मिसळलेले गिटार व गळा मात्र पुन्हा वेगळे करता येत नाहीत, आणि दर उतरवणीला फितीची सरसर वाढते. ‘घरगुती’ म्हणून वाखाणला जाणारा धुरकट आवाज बराचसा या मर्यादेतून आलेला आहे; त्यात शैलीचा भाग किती, हे सांगणे कठीण.

एडिंबरो विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने (स्थापना १९५१) घराघरांत जाऊन लोकगीते ध्वनिमुद्रित केली. फेन्सचा वारसा तिथपर्यंत नेण्याचा मोह होतो; परंतु येथील गाणी बहुतांशी स्वरचित आहेत, आणि पंक रॉकनंतरच्या काळातील स्वावलंबी प्रकाशनांशी त्यांचे नाते जवळचे दिसते. त्याच काळातील ग्लासगोच्या पोस्टकार्ड रेकॉर्ड्स या छोट्या ध्वनिमुद्रिका-संस्थेचा कारभारही राहत्या सदनिकेतूनच चाले.

किंग क्रिओसोटच्या अल्बमांची संख्या चाळिसांहून अधिक मानतात. एकच गाणे वेगवेगळ्या अल्बमांत नव्या रूपात येत असल्याने काटेकोर सूची करणे अवघड आहे. अशाच जुन्या गाण्यांतून इलेक्ट्रॉनिक संगीतकार जॉन हॉपकिन्स यांच्यासह सु. सात वर्षांत ‘डायमंड माइन’ (२०११) सिद्ध झाला. त्याच्या आरंभी फाइफमधील उपाहारगृहातल्या गप्पा आणि कपबश्यांचा आवाज ऐकू येतो. हा अल्बम त्या वर्षीच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या (ब्रिटनमधील वर्षातील उत्कृष्ट अल्बमसाठीच्या) अंतिम यादीत होता, पारितोषिक पी. जे. हार्वी यांना मिळाले.

केनी यांचे बंधू गॉर्डन अँडरसन (‘लोन पिजन’) ‘द बीटा बँड’ या स्कॉटिश वाद्यवृंदाच्या संस्थापकांपैकी होते, आजारपणामुळे ते लवकरच बाहेर पडले. गायक-गीतकार जेम्स यॉर्कस्टन आणि आरंभीच्या काळात गायिका के. टी. टन्स्टॉल यांचाही या गटाशी संबंध होता. अ‍ॅन्स्ट्रथर येथे ‘होमगेम’ नावाचा छोटेखानी महोत्सव भरत असे. संस्थेचा व्याप दीर्घकाळ सांभाळणारे जॉनी लिंच (‘द पिक्टिश ट्रेल’) यांनी वेगळे होऊन २०१३ मध्ये एग या स्कॉटिश बेटावरून ‘लॉस्ट मॅप’ ही संस्था काढली.