मेकॅनिकलवाल्यानं पुलाचं डिझाइन करावं का?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला आणि सोलापुरात जो तो पूलतज्ज्ञ झाला. टपरीवर, बँकेच्या रांगेत, सगळीकडे तोच विषय. त्या गडबडीत ओळखीच्या एका पोरानं विचारलेला प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. पोरगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "काका, बीम म्हणजे बीमच की. बेंडिंग मोमेंट आम्हालाही शिकवतात. मग पूल सिव्हिलवाल्यांनीच का डिझाइन करायचा?"

प्रश्न पोरकट नाही. नुसत्या पदवीच्या जोरावर मेकॅनिकलवाल्यानं पुलाला हात घालू नये, असं माझं मत आहे. पण त्याचं जे कारण लोक सांगतात, ते मला पटत नाही. "मेकॅनिकल म्हणजे इंजिन, सिव्हिल म्हणजे सिमेंट" एवढ्यावर विषय संपवता येत नाही.

बल, आघूर्ण, ताण, विकृती, बकलिंग हे सगळं दोन्ही शाखांत शिकवतात. कारखान्यातल्या क्रेनचा गर्डर, म्हणजे भार पेलणारी आडवी तुळई, आणि पुलाचा गर्डर यांचं मूळ गणित एकच. लोखंड थकतं कसं, म्हणजे सोसवेल असाच भार लाखो वेळा येऊन-जाऊन शेवटी तडा कसा जातो, हे तर आगगाडीचे आस मोडायला लागले तेव्हा जर्मनीत व्योलर नावाच्या अभियंत्यानं प्रयोग करून दाखवलं. आज पोलादी पुलाचं आयुष्य ठरवताना त्याच पठडीतले आलेख वापरतात. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुलावरून गेला की पोलादाच्या जोडावर ताण चढतो आणि उतरतो. हा चढ-उतार दुप्पट झाला तर होणारं नुकसान साधारण आठपट धरतात. हा हिशेब मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला कदाचित सिव्हिलवाल्यापेक्षा लवकर कळेल.

इतिहासही मेकॅनिकलवाल्यांच्या बाजूचा आहे. १८४७ साली इंग्लंडात यांत्रिकी अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. तिचा पहिला अध्यक्ष जॉर्ज स्टीफन्सन, आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा रॉबर्ट. हा रॉबर्ट इंजिनं बनवायचा आणि पूलही बांधायचा. त्याच वर्षी मे महिन्यात चेस्टरजवळ डी नदीवरचा त्याचा पूल गाडी जाताना मोडला आणि पाच माणसं गेली. ओतीव लोखंडाचे गर्डर होते आणि त्याच दिवशी रुळांखाली ज्यादा खडी टाकली होती. ओतीव लोखंड दाबाला भक्कम, पण ओढीला कच्चं असतं. तीनच वर्षांनी त्याचा ब्रिटानिया पूल उभा राहिला. त्या पुलाच्या प्रयोगांत जहाजं आणि गिरण्यांची यंत्रं बांधणारा विल्यम फेअरबेर्न होता. तेव्हा शाखांमधल्या भिंती आजच्याएवढ्या उंच नव्हत्या.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपली बार्शी लाइट रेल्वे घ्या. ती उभी करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप शिकला लोकोमोटिव्हच्या कारखान्यात आणि हिंदुस्थानात आला तो जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोको इन्स्पेक्टर म्हणून. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फूट गेजची, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली गाडी सुरू झाली. कॅलथ्रॉपची अक्कल बघण्यासारखी आहे. त्यानं आधी ठरवलं की कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही, मग ते इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण. लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्यानं इंजिनही तसंच करून घेतलं, वजन चार जोडलेल्या आसांवर वाटणारं. भारच बांधून टाकल्यावर रूळ हलके चालतात आणि पुलांवरही त्याच मापानं भार येतो.

हा यंत्रवाल्याचा विचार आहे, आणि अव्वल दर्जाचा आहे. यंत्रावर काय आदळणार हे बऱ्याच अंशी आपण ठरवतो. मोटरवर ओव्हरलोड रिले लावतो, बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवतो, नमुना बनवतो, तो मोडेपर्यंत चालवतो आणि मगच हजार नग काढतो. कॅलथ्रॉपनं हाच नियम गाडीला लावला. पण नदीला पाच टनांची मर्यादा घालता येत नाही. पुलाचा नमुना करून मोडूनही बघता येत नाही. तो एकच असतो, त्याच जागी, त्याच मातीवर. मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात न सापडणारी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि मला सर्वांत आवडणारीही हीच.

पूल म्हटलं की आपण वर बघतो. वाहून गेलेले पूल मात्र पुष्कळदा खालून गेलेले असतात. पुराचं पाणी पिअरच्या, म्हणजे पुलाच्या खांबाच्या, पायाखालची वाळू-माती खरवडून नेतं. याला इंजिनिअर लोक स्कावर म्हणतात. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाहत्या पाण्यात उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकत जाते आणि आपण हळूहळू खचतो, तसंच हे. पण पिअरपाशी काय चालतं ते नीट पाहिलं तर थक्क व्हायला होतं.

नदीचं पाणी वरपासून खालपर्यंत सारख्या वेगानं वाहत नाही. तळाशी घर्षणामुळे ते सावकाश असतं आणि वर जोरात. समजा वरच्या थरात वेग सेकंदाला ३ मीटर आहे आणि तळाजवळ १ मीटर. हे पाणी पिअरच्या तोंडावर येऊन थांबतं. थांबलेल्या पाण्याचा वेग दाबात बदलतो, आणि हा जादा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वर तो चौरस मीटरला सुमारे ४,५०० न्यूटन भरतो आणि खाली फक्त ५००. म्हणजे पिअरच्या तोंडावर वर जास्त जोर, खाली कमी. मग पाणी काय करणार? पिअरला चिकटून सरळ खाली उतरणार. समोरून येणाऱ्या नदीतून एक उभा झोत तळावर आदळतो आणि वाळू उकरतो. खड्डा पडायला लागला की तो झोत तळावर उलटा वळतो, गोल गुंडाळतो, आणि पिअरच्या दोन्ही बाजूंनी मागे ओढला जातो. वरून पाहिलं तर या भोवऱ्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा दिसतो, म्हणून त्याला हॉर्सशू व्होर्टेक्स म्हणतात. तो वाळू उचलतो, बाजूनं मागे नेतो, पुन्हा उकरतो. पूर जितका वेळ टिकेल तितका वेळ हा उद्योग चालू राहतो.

पाण्याचा वेग थोडा वाढला तरी त्याची ताकद बेसुमार वाढते. दगडावर पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं आणि दगडाच्या समोरच्या क्षेत्रफळानं वाढतो, म्हणजे व्यासाच्या वर्गानं. दगडाचं वजन व्यासाच्या घनानं वाढतं. दोन्ही एकमेकांसमोर मांडले की हलू शकणाऱ्या दगडाचा व्यास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो आणि वजन वेगाच्या सहाव्या घातात. वेग दुप्पट झाला तर हलणारा दगड चौसष्टपट वजनाचा. काल ज्या पाण्यानं गोटी सरकवली, तेच आज धोंडा लोळवतं ते यामुळे. हा नियम ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

यात एक लबाडीही आहे. पूर ओसरायला लागला की पाण्याचा वेग कमी होतो आणि वरून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. उन्हाळ्यात पाहणीला गेलात तर पिअरभोवती सपाट वाळू दिसेल, सगळं शाबूत वाटेल. ती वाळू भुसभुशीत असते आणि पुढच्या पुरात पहिल्याच तडाख्यात निघते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला स्कोहॅरी नावाच्या ओढ्यावरचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी असाच गेला. वरचा सांगाडा गाड्यांचा भार पेलत उभा होता. उथळ पायाखालची जमीन पाण्यानं नेली, पिअर कलंडला आणि दहा माणसं मेली.

आपल्याकडे हा खड्डा किती खोल जाईल याचा अंदाज लेसीच्या सूत्रानं काढतात. गेराल्ड लेसी हा हिंदुस्थानातल्या कालव्यांवर काम केलेला अभियंता होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत त्याच्या सूत्राचं रूप असं आहे: नदीच्या प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला किती घनमीटर पाणी जातं ते घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला गाळाच्या गुणांकानं भागा, घनमूळ काढा आणि १.३४ नं गुणा. समजा मीटरमागे १२ घनमीटर पाणी जातंय आणि मध्यम वाळूचा गुणांक १ आहे. उत्तर येतं सुमारे ७ मीटर. पिअरपाशी त्याची दुप्पट धरतात, म्हणजे पुराच्या सर्वोच्च पातळीखाली १४ मीटर. पुरात पाण्याची खोली ८ मीटर असेल तर पिअरपाशी तळात आणखी ६ मीटर खोल खड्डा पडणार असं मानायचं, आणि पाया त्याच्याही बराच खाली न्यायचा. सूत्र वाळूचं आहे. खाली कातळ लागला तर हे गणित बाजूला ठेवून कातळ किती पक्का आहे ते पाहायचं.

आपल्या मुलखात खरी मेख हीच. दख्खनचा बसाल्ट कुठे दोन मीटरवर लागतो, तर कुठे हाताशी लागतच नाही. मध्ये मुरूम, वर काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पुलाच्या दोन्ही टोकांना जोडरस्ता खचवते. दोन पिअरमधल्या तीसेक मीटरमध्ये जमीन बदलू शकते, आणि मुलखाचा नकाशा ते सांगत नाही, बोअर घ्यावेच लागतात. त्यात भीमा आणि सीनेच्या पात्रातून वाळू उपसली की तळ खाली जातो आणि कागदावर खोल असलेला पाया प्रत्यक्षात उथळ होतो. पुलाजवळ वाळूचा डंपर भरणारा माणूस डिझायनरच्या गणितातलाच एक आकडा बदलत असतो. पुरात वाहून आलेली झाडं पिअरला अडकली तर पिअर जाड झाल्यासारखा होऊन भोवरा आणखी मोठा होतो. प्रवाह तिरका आला तरी तेच.

पूल पडला की दोन गोष्टी हमखास कानावर येतात. पहिली नरबळीची. "पूल बळी मागतो" हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं असतं, आणि त्यावर हसून सोडून देता येत नाही. २०१९ साली बांगलादेशात पद्मा पुलासाठी माणसांची डोकी हवीत अशी अफवा पसरली आणि मुलं पळवणारे समजून जमावांनी आठ जणांना ठार मारलं. महाराष्ट्रात नरबळीविरुद्धचा कायदा २०१३ पासून आहे. नदीला माणूस नको असतो. तिला पायाखालची वाळू लागते, आणि ती वाळू ती नेतेच.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. स्टॅड हे बांधकामाच्या सांगाड्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर. "स्टॅड शिका, पूल डिझायनर व्हा" असा क्लासचा फलक बघितला की मला त्या विद्यार्थ्यांची काळजी वाटते. सॉफ्टवेअर पिअरच्या बुडाला फिक्स्ड सपोर्ट असा एक छोटा चौकोन काढतं. त्या चौकोनाखाली काय आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि विचारतही नाही.

मेकॅनिकलवाल्यांना पुलावर काम नाही असं मात्र अजिबात नाही. ५० मीटरचा पोलादी गर्डर तापमानातल्या ४० अंशांच्या फरकानं २४ मिलिमीटर लांबतो. सोलापूरचं ऊन आणि पहाटेचा गारठा लक्षात घेता वर्षभरात हा फरक काही अवघड नाही. त्याला सरकू देणारी बेअरिंग हा मेकॅनिकलचाच प्रांत. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या, रामेश्वरला जाणाऱ्या रेल्वेच्या नव्या पांबन पुलात ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. ती यंत्रणा कोण बघणार? आणि १९४० साली अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून पडला, तेव्हा तो का पडला हे शोधायला विमानांचा अभ्यास करणारे लोक बसले. शाळेत आपण "अनुनाद" असं एका शब्दात शिकतो, पण प्रकार वेगळा होता. पुलाची पिळण वाऱ्याचा जोर स्वतःच ओढून घेत होती आणि वाढत होती, विमानाच्या पंखांत होतं ते फ्लटर.

कायद्याचं म्हणाल तर त्यानं हा प्रश्न पुरता सुटत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवाना सर्वसाधारण अभियंत्याचा असतो आणि आपल्या कुवतीबाहेरचं काम घेऊ नये असा नियम असतो. इलिनॉयसारख्या राज्यात संरचना अभियंत्याचा परवाना वेगळा आहे. आपल्याकडे रेल्वेचे पूल रेल्वेचा सिव्हिल विभाग बघतो, रस्त्यांच्या पुलांचंही तसंच, म्हणून नोकरीच्या जाहिरातीत सिव्हिलची पदवी मागतात. त्यामुळे त्या पोराला मी म्हणालो, जायचंच असेल तर मृदा यांत्रिकी, जलशास्त्र, काँक्रीट आणि आयआरसीचे, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचे, कोड अशी दोन-तीन वर्षं वाढव, पुढे एखाद्या अनुभवी माणसाच्या हाताखाली बस, आणि पहिल्या दिवशी बोअर लॉग माग. तो म्हणाला, "बोअर लॉग म्हणजे काय बे?" जमिनीत भोक पाडून कुठल्या खोलीवर काय लागलं त्याची यादी, असं सांगितलं. ती त्यानं आजवर बघितलेली नव्हती.