मास्कमध्ये पाणी शिरलं की काय करायचं?
(स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या, म्हणजे ओपन वॉटर कोर्सला नाव नोंदवलेल्यांसाठी)

मालवणात पर्यटक म्हणून एकदा बुडी मारलेले पुष्कळ जण पुढच्या हंगामात पूर्ण कोर्सला येतात. पहिल्या वेळी आमचा माणूस तुम्हाला मागून धरून होता, सगळं तोच सांभाळत होता. कोर्समध्ये ते तुम्ही स्वतः करायचं असतं. बहुतेक जण अडतात ते पहिल्याच दिवशी, उभं राहता येईल एवढ्या पाण्यात: मास्क पाण्याने भरायचा आणि खालीच रिकामा करायचा.

तोंडात रेग्युलेटर (पाठीवरच्या टाकीतली हवा नळीने तोंडात देणारं साधन) असतो, हवा व्यवस्थित मिळत असते. तरी नाकाला पाणी लागलं की शरीर आपोआप श्वास रोखतं. मग घाबरून नाकाने श्वास ओढला जातो आणि ठसका लागतो. ही शरीराची राखणदारी आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गेल्या हंगामात एक शिक्षिका सात वेळा ताडकन उभ्या राहिल्या. आठव्या वेळी आम्ही मास्क बाजूला ठेवला आणि त्यांना नुसतं चेहरा बुडवून तोंडाने श्वास घ्यायला लावलं. दहा मिनिटांत त्यांचे खांदे सैल पडले.

हे घरीही करता येतं. बादलीत कोमट पाणी घ्या, स्नॉर्कल (पाण्याबाहेरची हवा घ्यायची वाकडी नळी) तोंडात धरा, मास्क न लावता चेहरा बुडवा. नाक चिमटीत धरू नका. सुरुवातीला चार श्वाससुद्धा जड जातात. दोन-तीन मिनिटं निवांत जमू लागली की अर्धं काम झालं.

आमच्याकडे मास्कमध्ये आधी नाकपुड्यांपर्यंतच पाणी घेतो, मग डोळ्यांपर्यंत, मग पूर्ण. वरची कड कपाळाशी दाबायची, मान किंचित वर, आणि नाकाने सावकाश हवा सोडायची. हवा वर साठते, पाणी खालच्या कडेने निघून जातं. शिंकरल्यासारखा जोर लावला तर हवाच निसटते. एका श्वासात नाही झालं तर तोंडाने दुसरा घ्या, हवा भरपूर आहे. मिशी राखणाऱ्यांनी नाकाखालची बारीक पट्टी काढली तर मास्क बराच कमी गळतो.

रेग्युलेटर तोंडातून सुटला तर उजवीकडे झुका, उजवा हात मांडीला घासत मागे न्या आणि मोठा वळसा घालून पुढे आणा. नळी हातावर येते. तोवर तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहा. श्वास कधीही कोंडू नका. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. कोंडलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. पुन्हा तोंडात घेतल्यावर आधी फुंकर मारून पाणी बाहेर काढा, मगच श्वास घ्या.

एक खूण मात्र नीट लक्षात ठेवा. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं कडं. काही बिनसलं तर आडवा पंजा डुगडुगवा.

बाकीच्यांचं झालं म्हणून घाई करू नका. जादा सरावाचे पैसे आम्ही घेत नाही, आणि उथळ पाण्यात निवांत जमल्याशिवाय कुणालाही खोल नेत नाही. नवऱ्याच्या किंवा मित्रांच्या आग्रहाखातर आला असाल तर तेही नोंदणीच्या वेळीच मोकळेपणाने सांगा.

सर्दी झाली असेल तर निघण्याआधी फोन करा, तारीख बदलून देऊ. चोंदलेल्या नाकाने कान मोकळे होत नाहीत, आणि कान ठणकायला लागले की मास्कची गेलेली भीतीही परत येते.